काळ्या भिंतीची चकाकी

रोमन भिंतचित्रांच्या चार शैली सांगतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी त्या अशा शिकवायचे: पहिल्या शैलीत संगमरवर परवडत नाही, म्हणून गिलाव्यातूनच संगमरवराचा आव आणायचा. दुसरीत समोर भिंत नाहीच असं भासवायचं. खांब रंगवायचे, खांबांमागे बाग, बागेमागे आकाश. तिसरीत ते सोंग बंद. भिंत म्हणजे भिंत, सपाट, काळी नाहीतर लाल, तिच्यावर काडीसारख्या बारीक उंच समया आणि मधेच एखादं बोटभर निसर्गचित्र. चौथीत वरच्या तिन्हींची खिचडी. खिचडी इथल्या मुलांना कळायची नाही, म्हणून वर्गात मी सूप म्हणायचे. मुलं हसायची आणि परीक्षेत नेमकं सूप तेवढं लिहून यायची.

माझी पीएचडी तिसऱ्या शैलीवर होती, त्यातही काळ्या भिंतींवर. त्या भिंतीचा तुकडा हातात घेतला की त्यात पहिल्यांदा दिसतो तो आपलाच अंगठा. दोन हजार वर्षं राखेत पडून होता, तरी आरशासारखा. ही चकाकी आली कुठून, यावर आमच्या क्षेत्रात दोन तट आहेत. एक म्हणतो, वरच्या थरात मेण, साबण, सरस असं काहीतरी मिसळलेलं असणार. दुसरा म्हणतो, काहीही नाही; चुना, संगमरवराची पूड, ओल्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग, आणि तासन्‌तास घोटणारे हात. माझे गाईड दुसऱ्या तटाचे, आणि साधेसुधे नाहीत, पुढारी. त्यांचं म्हणणं खरं करायला मी जुन्या पद्धतीने सहा नमुने करायचे, ते जुन्या तुकड्यांशेजारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, असं ठरलं होतं. सहा नमुने झाले की शेवटचं प्रकरण, प्रकरण झालं की प्रबंध. ऑगस्टअखेर माझा करार संपत होता. करार आणि इथे राहायचा परवाना एकाच दोरीला बांधलेले. प्रबंध न देता करार संपला, तर बाडबिस्तरा आवरून घरी.

एवढं सगळं ठरलं आणि युट्रेख्टची आमची विद्यापीठातली कार्यशाळा लॉकडाउनमध्ये दुसऱ्यांदा बंद झाली. पहिल्या वेळी सगळ्यांना वाटलं होतं की पंधरा दिवसांत उघडेल. दुसऱ्या वेळी कुणाला काही वाटायचंच बंद झालं होतं. सामान न्यायला मला एक तास मिळाला. मी नेली ती एक पांढरी बादली. तिच्यात पहिल्या वर्षी मी स्वतः विझवून पाण्याखाली मुरत ठेवलेला चुना होता. चुना जितका मुरतो तितका लोण्यासारखा होतो, आणि माझा चांगला तीन वर्षं मुरला होता. तोंडाला मास्क, मांडीवर झाकणबंद बादली, रेल्वेच्या डब्यात मी आणि दोन माणसं. तिकीट तपासनीस आला, त्याने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लांबूनच मान डोलावून पुढे गेला. स्खिपोलला, विमानतळाच्या स्टेशनवर, गाडी बदलून मी हूफडॉर्पला उतरले तेव्हा माझे दोन्ही खांदे उतरले होते.

हूफडॉर्पला राहायचं कारण भाडं. पुण्याची एक आयटीतली मुलगी आणि मी, अशा दोघींनी नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. ती सकाळी आठला कॉलवर बसायची ती संध्याकाळी सहाला उठायची. आधी मला ती ऑफिसला जाणारी, कामसू, हसरी मुलगी म्हणून माहीत होती. आता ती भिंतीपलीकडून येणारा एक आवाज झाली होती. "कॅन यू सी माय स्क्रीन?" हे वाक्य मी दिवसातून तीस वेळा ऐकायचे. एकदा मी इकडून ओरडून "हो" म्हटलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाहेर जावं तर कुठे? इथली जमीन म्हणजे पाणी उपसून कोरडा केलेला तलावाचा तळ, पट्टीने आखलेला. सरळ रस्ता, सरळ कालवा, एकसारखी घरं. रात्री नऊनंतर संचारबंदी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी दर दोन मिनिटांनी विमान दिसायचं. आता ती सगळी जमिनीवर एकामागे एक उभी करून ठेवली होती. ही फ्लॅटमधली मैत्रीण एकदा म्हणाली, "तू एवढी रोमन पेंटिंगवाली ना, मग काढ की हॉलच्या भिंतीवर एक मस्त खिडकी. बाग वगैरे." मला तिचा असा राग आला की हातातला चहा ओतून द्यावा. दुसऱ्या शैलीची माणसं ज्यांना बाग होती ती. घराबाहेर बाग असली की घरात बाग रंगवायला गंमत वाटते. मला त्या वर्षी तिसरी शैलीच खरी वाटायची. भिंत आहे, काळी आहे, तिच्यापलीकडे जाता येत नाही, आता तिच्यावर काय बारीकसारीक करायचं ते कर. मी तिला हे सगळं सांगितलं नाही. "घरमालक डिपॉझिट कापेल," एवढंच म्हटलं.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. माझे वडील चुनेगच्चीचे गवंडी. चुनेगच्ची म्हणजे चुन्याचा असा गिलावा, जो घोटून घोटून काचेसारखा करतात. सातारा जिल्ह्यातल्या चार-पाच देवळांच्या गाभाऱ्यांत त्यांच्या हातच्या भिंती आहेत. पुढे सिमेंट आलं, चुना दळायच्या बैलाच्या घाण्या बंद पडल्या आणि पोटासाठी त्यांनी तीस वर्षं सिमेंटच ओढलं. सिमेंटला ते "ती पावडर" म्हणत. मी पुण्याला पुरातत्त्व शिकायला गेले तेव्हा पहिल्याच वर्षी एका पुस्तकात मला काळ्या रोमन भिंतीचा फोटो दिसला आणि मी मनात म्हटलं, हे तर अण्णांचं काम. बाकी सगळं शिक्षण त्यावर रचलेलं आहे. पण हे मी गाईडना कधी सांगितलं नव्हतं. अर्जात "वडील बांधकाम व्यवसायात आहेत" असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अण्णा गावी एकटेच. शेजारच्या काकू दोन वेळची भाकरी द्यायच्या, पण पहिल्या लाटेनंतर त्याही दाराबाहेर ताट ठेवून जायला लागल्या. मी दर रविवारी म्हणायचे, "विमानं सुरू झाली की येतेच अण्णा." विमानं सुरू झालीही होती, तुटक तुटक. पण गेले आणि परत येऊ दिलं नाही तर? म्हणून मी तिकिटाची साईट उघडायचे आणि बंद करायचे. अण्णांना "अजून भरवसा नाही" एवढं सांगायचे. ते "बरं बरं" म्हणायचे.

चुना घरी आणला आणि त्याच रविवारी मी अण्णांना पहिल्यांदा व्हिडिओवर काम दाखवलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. आईनंतर मी तो तसा पाहिला नव्हता. भाजलेल्या मातीच्या मोठ्या फरश्या मी ऑनलाइन मागवल्या होत्या. त्यांवर आधी वाळूचे थर, मग संगमरवराच्या पुडीचे, शेवटचा थर काजळी घातलेला. अण्णा मोबाईल कोनाड्यात टेकवून समोर बसायचे, माझ्या हातातली करणी, म्हणजे लिंपायची लोखंडी थापी, निरखायचे आणि सूचना द्यायचे. "आगं, करणी अशी धरत्यात व्हय? पोळी लाटतीस का भिंत करतीस?" थर बसवायला तो लाकडी थापीने बडवावा लागतो. बडवायला लागले की पलीकडून मैत्रीण: "यार, मी क्लायंट कॉलवर आहे, ते विचारतायत घरात रिनोव्हेशन चाललंय का!" आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांची सुंदर अक्षरातली चिठ्ठी टपालपेटीत: दुपारी एक ते तीन कृपया बडवू नये.

घोटायला गार लागते, गुळगुळीत दगड. हूफडॉर्पमध्ये दगड नाहीत. तलावाच्या तळात चिकणमाती असते, दगड कुठून येणार? शेवटी कोपऱ्यावरच्या घरासमोर शोभेसाठी पसरलेल्या गोट्यांतला एक मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकून खिशात घातला. पीएचडीच्या कामासाठी आयुष्यात केलेली ही पहिली चोरी. ती शेवटची ठरायला हवी होती.

नमुने फसत गेले. खाली सायकली ठेवायच्या खोलीत ठेवले तर गारठ्याने ओल जाईना, आणि एका रात्री पाणी गोठलं तसा सगळा थर पापुद्र्यासारखा सुटला. वर घरात ठेवले तर हीटरने एका दिवसात ओल ओढून घेतली आणि फरशीभर चिरा. ओलं कापड टाकलं, हीटर बंद केला, मैत्रीण कोट घालून कॉलवर बसली. तरी चिरा. जिथे चिरा नव्हत्या तिथे घोटून घोटून माझं मनगट सुजलं, पण पृष्ठभाग राहिला तसाच, पाटीसारखा मंद. मार्च संपेपर्यंत पाच फरश्या वाया गेल्या. बादलीत एक-दोन नमुन्यांपुरता चुना उरला. नवा मुरवायला वेळ नव्हता.

मी चिडचिडी झाले. भाजी जळली तर रडायचे. झोपेतून उठले की छाताडावर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं आणि ते दिवसभर तिथेच राहायचं. चार भिंती, एक खिडकी, एक तारीख. मला या देशातून जायचं नव्हतं, आणि या फ्लॅटमध्ये एक दिवसही राहायचं नव्हतं.

"नुसता चुना धरत न्हाई," अण्णा म्हणाले. "हे मी पयल्या दिवशी सांगणार हुतो. गुळाचं पाणी घाल. गूळ आणि हिरडा, भिजवून, गाळून."

"अण्णा, काही घालायचं नाही. तोच तर सगळा मुद्दा आहे. चुन्यात काहीच मिसळायचं नाही."

"मिसळायचं कोण म्हणतंय? गूळ म्हंजी काय मिसळणं हाय का? ते पाणीच हाय. तुझी आई भातात मीठ घालायची, तर भातात मिसळ केली म्हणायची का?"

मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण मुलाने मीठ नको म्हणून हट्ट धरावा आणि आईने बरं म्हणावं, तसं ते ऐकून घेणं होतं.

दोन दिवसांनी मी इंडियन दुकानातून काळा गूळ आणला. हिरडा मैत्रिणीच्या डब्यात होता. तिच्या आईने पोट साफ राहावं म्हणून पाठवलेला. मी स्वतःला सांगितलं, हा नमुना मोजायचा नाही. नुसतं बघायचं. अण्णांचं म्हणणं पडताळून बघायला काय हरकत आहे? माणूस स्वतःशी बोलताना किती समजूतदार असतो, ते मला त्या दिवसांत कळलं. गुळाच्या पाण्यात कालवलेला चुना करणीवरून असा उतरला की मला पाच फरश्यांचा राग आला. तो चिरला नाही. तो वाट बघत थांबला. चौथ्या दिवशी मी घोटायला बसले आणि अर्ध्या तासात माझ्या बोटांची टोकं त्यात दिसायला लागली. दीड तासाने खिडकी दिसली. संध्याकाळी मैत्रीण बाहेर आली, फरशीसमोर वाकली आणि त्यात बघून तिने केस सारखे केले. "हे तू केलंस? सीरियसली?" मी खुर्चीवर बसून रडले. ती म्हणाली, "अगं, चांगलं झालंय ना, मग रडतेस काय?"

बुधवारी गाईडबरोबर मीटिंग असायची. इथे गुरूला नावाने हाक मारायची रीत आहे. मला ती चार वर्षांत जमली नाही, म्हणून मी त्यांना हाकच मारत नसे. मी कॅमेरा फिरवला तेव्हा ती फरशी मागे टेबलावर उभी होती. मी ती मुद्दाम ठेवली नव्हती. मी ती काढूनही ठेवली नव्हती. ते बोलता बोलता थांबले. "ते काय आहे?" म्हणाले. मी उचलून दाखवली. फरशीत त्यांच्याच चेहऱ्याचा प्रकाश पडला असावा, कारण ते हसले आणि मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते वर्षभर एकटे राहत होते, बायको शुश्रूषागृहात, खिडकीच्या काचेपलीकडून भेटायची. "नुसता चुना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चुना आणि घोटणं." गूळ मी पुढच्या वाक्यात सांगणारच होते. पण पुढचं वाक्य त्यांनी बोलून टाकलं. म्हणाले, "मला माहीत होतं."

त्यानंतरचे आठवडे कसे गेले सांगता येत नाही. सहाची गरज नाही, हा एकच नमुना पुरे, असं म्हणून त्यांनी विभागाला पत्र लिहिलं. प्रबंध वेळेत येतो आहे, आणि त्यानंतर वर्षभराची जागा मला द्यावी, असं त्यात होतं. एक वर्ष! परवाना आणखी एक वर्ष. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. रात्री अंथरुणात हिशेब करायचे: आमच्या यंत्रांतून मेण-सरस शोधतात ते जुन्या तुकड्यांत. विद्यार्थिनीने परवा लिंपलेल्या फरशीत गूळ शोधायला कोण जाणार? कोणी नाही. हाच विचार दिलासा द्यायचा आणि हाच झोपू द्यायचा नाही. पूर्वी फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखं वाटायचं; आता मी फरशीत कोंडले गेले होते, आणि दार आतून लावून घेणारी मीच.

आणि मग एका मीटिंगमध्ये, घोटायचं तंत्र कुठे शिकलीस असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की वडिलांकडून. मला वाटतं मला एक तरी खरी गोष्ट सांगायची होती. ते खुर्चीत पुढे सरकले. चुन्याची भिंत घोटणारा हयात कारागीर, आणि चार वर्षं तू हे बोलली नाहीस? मला त्यांच्याशी बोलायचंय. तू भाषांतर कर.

ठरलेल्या दिवशी अण्णांनी धुतलेला सदरा आणि टोपी घातली होती. भावकीतल्या एका मुलाने त्यांना कॉल लावून दिला आणि तो निघून गेला. पडद्यावर तीन चौकोन: डावीकडे गाईड, उजवीकडे अण्णा, खाली मी. गाईडनी हात जोडले. अण्णांनीही जोडले. दोघांचं वय जवळपास सारखं होतं. सुरुवात छान झाली. करणी कशी धरायची, थर किती, वरून खाली का यायचं, परांचीवर उभं राहून केलेलं काम आणि जमिनीवरचं काम जिथे मिळतं तो सांधा कसा लपवायचा, हे अण्णांनी हातवारे करून सांगितलं. गाईड उत्साहाने रोमन भिंतींचे फोटो दाखवत होते, त्यांतही तसाच सांधा. "बघ की," अण्णा म्हणाले, "ह्यांचं पण सांध्यालाच उघडं पडतंय." मी ते भाषांतर केलं आणि दोघं एकदमच हसले. त्या पाच मिनिटांत मी खरंच सुखी होते.

मग गाईड म्हणाले, "त्यांना विचार, शेवटच्या थरात ते काय मिसळतात."

मी विचारलं. जे विचारलं गेलं ते तसंच विचारायची सवय, दुसरं काय.

"गूळ," अण्णा म्हणाले. "गूळ आणि हिरड्याचं पाणी. रातभर भिजत घालायचं, सकाळी गाळायचं. गूळ काळा पायजे, पिवळा केमिकलवाला न्हाई चालत. माझ्या बापानं घातला, त्येच्या बापानं घातला. गुळाबिगर चुना चिरतो. पोरीच्या पाच फरश्या चिरल्या, मग घातला तवा कुठं धरला. सांग त्येला."

मी इंग्रजीत म्हटलं, "ते म्हणतात, फक्त चुना आणि धीर."

"केवढं बोलले ते!" गाईड हसले.

"त्यांच्या वडिलांची आठवण सांगत होते."

गाईडनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि वर पाहून म्हणाले, "मी लेखात त्यांचं नाव देणार. भारतातला कारागीर, तीन पिढ्यांचं काम, शुद्ध चुना. हे नाव माझ्या नावाआधी यायला हवं. त्यांना सांग."

अण्णांनी त्यांचा सूर ओळखला होता. "काय म्हणतोय?"

"तुमचं नाव छापणार आहेत, अण्णा. त्यांच्या लेखात."

अण्णा खूश झाले. टोपी सारखी केली. मग गवंडी जसा ओळंबा सोडून बघतो तसं थोडं थांबून त्यांनी विचारलं, "नाव छापायचं ते कशापायी? म्हंजी नावाम्होरं काय लिवणार?"

तिथे अजून एक खोटं बोलणं अगदी सोपं होतं. अण्णांना इंग्रजी येत नाही, गाईडना मराठी येत नाही, मधे मी एकटी. "चांगला कारागीर असं लिहिणार," म्हटलं असतं तर दोघंही आनंदाने घरी गेले असते, म्हणजे घरीच होते. पण अण्णा पडद्याच्या इतके जवळ आले होते की त्यांच्या भुवयांतले पांढरे केस मोजता आले असते.

"असं लिहिणार की तुम्ही चुन्यात काहीच घालत नाही," मी शेवटी म्हटलं.

"मी आसं बोललो?"

"नाही."

"मग तू सांगितलंस."

"हो."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते मागे सरकून बसले. "नाव नको म्हणावं. माझं काम हाय अजून देवळात. उद्या कुणी भिंत खरवडली, गूळ निघाला, तर म्हणतील म्हातारा खोटं बोलला. मला न्हाई चालायचं." आणि मग, गाईडकडे बघून, जणू ते मराठी समजतात: "गूळ घातलाय, सायेब. मी बी घातलाय, पोरीनं बी घातलाय."

"काही चुकलं का?" गाईडनी मला विचारलं.

मी सगळं भाषांतर केलं. पहिल्यापासून, शब्दाला शब्द, गुळाच्या रंगासकट. माझा आवाज मलाच परका वाटत होता. ती फरशी कशी झाली, ते कधी सांगायला हवं होतं, का सांगितलं नाही, सगळं. पलीकडच्या खोलीत मैत्रीण कुणाला तरी डेडलाइन समजावत होती.

गाईडनी लिहून घेतलेल्यावर रेघ मारली. इथली माणसं ओरडत नाहीत. त्यांचा राग कोरडा असतो. "म्हणजे तो नमुना बाद," ते म्हणाले. "आणि मी विभागाला पाठवलेलं पत्र मला मागे घ्यावं लागेल. तुला ते समजतंय ना?" मी हो म्हटलं. "चिरलेल्या पाच फरश्या फेकल्या नाहीस ना? त्या घेऊन ये." मग त्यांनी अण्णांना पुन्हा हात जोडले, पहिल्यापेक्षा जास्त वेळ, आणि त्यांचा चौकोन बंद झाला.

पुढचं थोडक्यात सांगते. वर्षभराची जागा मिळाली नाही. महामारीमुळे रखडलेल्या सगळ्यांनाच तीन महिने वाढवून मिळाले, तेवढे मला मिळाले. शेवटचं प्रकरण मी चिरांवर लिहिलं: नुसता चुना हीटरच्या घरात कुठून आणि का फाटतो, आणि रोमन लोकांनी तो कसा सांभाळला असेल हे मला का सांगता येत नाही. परीक्षकांना ते प्रकरण आवडलं. गाईडना आवडलं की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी अजून इथेच आहे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या परवान्यावर.

पण त्या दिवशी गाईड गेल्यावर अण्णा पडद्यावर तसेच होते. कॉल बंद कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माझ्याने करवत नव्हतं.

"एवढं कशाला भ्यालीस?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नमुने झाले नाहीत तर करार संपतो, अण्णा. करार संपला की परवाना जातो."

"परवाना गेला तर काय करत्यात? दंड?"

"नाही. परत पाठवतात."

"कुठं?"

"घरी."

"हितं?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांच्यामागे दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर काकूंनी ठेवलेलं झाकलेलं ताट दिसत होतं.  टोमणा मारणं त्यांच्या स्वभावात नाही; चुना किती वाळलाय हे विचारावं तसं, खरंच कळलं नाही म्हणून, त्यांनी विचारलं, "मग त्यात भ्यायचं काय हाय?"

 त्यांनी थोडी वाट पाहिली. मग "जेव तू," म्हणाले, आणि ताट आत घ्यायला उठले.